तिसऱ्या पेशीतला ठिपका

"काय बाप्पा, देव आहे का हा? रोज पुसा, रोज झाका! आता उदबत्ती लावाची तेवढी राहिली. वापराचा नाही तं आणला काहून?"

भीमाबाई माझ्या नाकाजवळ फडकं फिरवत कुरकुरत होती. शाळेची झाडलोट तिच्याकडे होती, आणि माझ्या कपाटातली धूळही तिच्याकडेच. तिचा हा प्रश्न मी बारा वर्षं ऐकला, मित्रांनो, आणि बारा वर्षं मला त्याचं उत्तर देता आलं नाही.

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. नागपूरला महालात एका अरुंद गल्लीत आमची शाळा आहे, तिथे माझं आयुष्य गेलं. अंग पितळेचं, पाय लोखंडाचा. डोक्यावर एक भिंग, पोटाशी एक भिंग, आणि अगदी खाली, पायाशी, रुपयाएवढा गोल आरसा. या आरशाला विसरू नका. मोठमोठे लोक त्याला विसरले म्हणून तर ही गोष्ट घडली.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. ज्या म्हाताऱ्या कारागिराने माझी भिंगं घासली, त्याने मला खिडकीशी नेलं, काचेवर मेलेल्या मुंगीचा एक पाय ठेवला आणि माझ्यात डोकावला. चाळीस वर्षं तो हेच काम करत होता. तरी त्याचा श्वास क्षणभर थांबला. तुम्ही माझ्यातून काय पाहता ते तुम्हाला ठाऊक असतं. पण मी त्या वेळी तुमचा डोळा पाहत असतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. आधी लहान असलेली काळी बाहुली हळूच मोठी होते. माणूस खरोखर काही पाहतो तेव्हाच ती तशी होते. थांबलेला तो श्वास आणि मोठी झालेली ती बाहुली यांनाच मी माझा जन्म मानतो. बाकी पितळ काय, घागरीलाही असतं.

एकसष्ट साली लाकडी पेटीत, गवतात गुंडाळून, इटारसीमार्गे मी नागपुरास आलो. स्टेशनवरून सायकलरिक्षाने महालात. शाळेच्या दारात माझ्यापुढे नारळ फुटला, पितळेला कुंकू लागलं. मुख्याध्यापक मधुकररावांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढवला. मला वाटलं, आता रोज डोळे येतील माझ्याकडे! काळे, घारे, काजळ घातलेले, चिपड आलेले, सगळे येतील.

आलं ते हिरवं फडकं. ते माझ्यावर घातलं, कपाट बंद झालं, आणि किल्ली मधुकररावांच्या कोटाच्या आतल्या खिशात गेली. रोज पुसण्यापुरती तेवढी ती भीमाबाईला मिळे. कुणी विचारलंच तर ते म्हणत, "फुटला तर जबाबदार कोण?" या वाक्यापुढे आमच्या शाळेत कुणाचंच काही चालत नसे.

तरी वर्षातून एकदा मी बाहेर निघे, तपासणीच्या दिवशी. पहिल्या वर्षीची तपासणी मला अजून आठवते. मला टेबलावर मांडलं. आरसा जमिनीकडे तोंड करून होता, म्हणजे माझ्या पोटात पूर्ण अंधार. मधुकररावांनी डोळा लावला आणि म्हणाले, "वा!" तपासणीच्या साहेबांनी डोळा लावला, एक भुवई वर केली आणि म्हणाले, "फारच स्पष्ट." मग विज्ञानाचे चंपतराव गुरुजी वाकले. त्यांची पापणी थरथरत होती. त्यांनी तर डोळा उघडलाच नाही. "जी, स्पष्ट," ते म्हणाले. तिघांनी मिळून माझ्यातला अंधार वाखाणला, चहा झाला, शेरा मिळाला. मी एक यंत्र आहे, मला हसता येत नाही. येत असतं तर त्या दिवशी माझे स्क्रू ढिले झाले असते.

चंपतराव गुरुजींविषयी मात्र गैरसमज करून घेऊ नका. माणूस हाडाचा शिक्षक. धोतर स्वच्छ, अक्षर मोत्यासारखं. घरी वऱ्हाडी बोलणारा हा गृहस्थ वर्गात पाऊल टाकताच छापल्यासारखं बोले. मुलांच्या चुकीच्या उत्तरावर त्यांनी कधी हात उगारला नाही. कांद्याच्या पापुद्र्याचा तक्ता त्यांनी स्वतः रंगवून माझ्या कपाटासमोरच्या भिंतीवर लावला होता. विटांच्या भिंतीसारख्या ओळीने पेशी, प्रत्येकीत एक केंद्रक, आणि वरून तिसऱ्या पेशीत, केंद्रकाच्या खाली डाव्या कोपऱ्यात, आणखी एक काळा ठिपका. हा तक्ता त्यांनी ट्रेनिंग कॉलेजातल्या तक्त्यावरून केसाचाही फरक न करता उतरवला होता. दरवर्षी मुलं तो वहीत उतरवत, ठिपक्यासकट. ज्याचा ठिपका राहिला त्याचा अर्धा गुण गेला.

मग नवा अभ्यासक्रम आला. सारखं कपाटात असूनही मला ते कळलं, कारण शाळेत महिनाभर दुसरा विषय नव्हता. नवी पुस्तकं आली. त्यांत 'करून पाहा' अशा चौकटी होत्या. पाठांतर कमी, निरीक्षण जास्त. सरकारी पत्रकात लिहिलं होतं की प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः निरीक्षण करून आकृती काढावी. मधुकररावांनी ते पत्रक दोनदा मोठ्याने वाचलं आणि 'स्वतः' या शब्दाशी येऊन दोन्ही वेळा थांबले.

नव्या पुस्तकात पेशींचं चित्र होतं. त्यात ठिपका नव्हता.

गुरुजी ते चित्र बराच वेळ बघत राहिले. मग वर्गाला म्हणाले, "छापणाऱ्यांची चूक आहे. होतं असं घाईत." आणि बेचाळीस पुस्तकं गोळा करून, टोक केलेल्या पेन्सिलीने, एकेका पुस्तकात त्यांनी ठिपका भरला. एवढ्या मायेने केलेली चूक मी दुसरी पाहिली नाही.

त्याच वर्षी आठवीत शामला नावाची मुलगी होती. तिची आई गोपिका एका सावजी खानावळीत स्वयंपाकाला होती. शामला शाळेआधी दोन तास आईजवळ बसून कांदे सोले. बोटांना वास, डोळे कायम लालसर. ती बाकावर बसली की पोरं नाक धरत आणि म्हणत, "आली वं रस्सावाली!" गेल्या साली ती गणितात गचकली होती. आईने बजावून ठेवलं होतं, ते ती एकदा भीमाबाईला सांगत होती: "माय म्हणते, यंदा कोणत्याबी विषयात गेलीस तं शाळा बंद. मंग दिवसभर कांदेच सोल."

प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस उजाडला. पत्रकच होतं, टाळता येईना. मला खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं, आयोडीनची बाटली आणि काचपट्ट्या मांडल्या, आणि मधुकररावांनी नियम सांगितला: "एकेकाने यायचं, हात मागे बांधायचे, डोळा लावायचा, पुढे सरकायचं. हात कुणी लावायचा नाही." म्हणजे देवळातली दर्शनाची रांगच झाली. बेचाळीस मुलांनी माझ्यातला अंधार पाहिला, काही तर नमस्कार करून गेली. आकृती मधल्या सुट्टीनंतर काढायची होती. कशावरून काढायची, ते भिंतीवर लटकलेलंच होतं.

सुट्टीत वर्ग रिकामा झाला. डबा नसल्यामुळे शामला एकटीच बाकावर होती. भीमाबाई झाडू घेऊन आली.

"दिसलं का वं काही तुले?"

"नाही मावशी. काळंकुट्ट होतं."

भीमाबाईने दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्या खालच्या आरशाले उजेडाकडे फिरव. मंग आत चांद दिसते."

मित्रांनो, हे गुपित आम्हा दोघांचं होतं! पुसता पुसता कधीतरी तिच्या बोटाने आरसा फिरला होता आणि तिने माझ्यात डोकावलं होतं. काचपट्टी नव्हती, काहीच नव्हतं, नुसता उजेडाचा पांढरा गोल. तरी ती जागीच उभी राहिली होती. "मोठ्या माणसाईले आपण काय शिकवाव," असं म्हणून तिने ते मनातच ठेवलं. रोज मला पुसून झालं की ती एकदा तो चांद पाही आणि आरसा पुन्हा होता तसा करून ठेवी.

शामलाने आरसा फिरवला. मग परीक्षेसाठी आणलेला कांदा घेतला. कांद्याच्या पाकळीच्या आतून पापुद्रा काढणं भल्याभल्यांना जमत नाही, फाटतो, गुंडाळतो. पण जिने हजारो कांदे सोलले तिची नखं ती! एका झटक्यात तिने चिमणीच्या पंखाहून पातळ पापुद्रा काढला, काचेवर पसरला, पुस्तकात लिहिलं होतं तसा आयोडीनचा थेंब सोडला, आणि मोठा स्क्रू अलगद फिरवत डोळा लावला.

आणि तिची बाहुली मोठी होऊ लागली. होतच राहिली.

बारा वर्षांनी! काय सांगू तुम्हाला. तिच्या लालसर डोळ्यात पिवळ्या उजेडाची अख्खी वस्ती उतरली होती. घराला घर लागून, भिंतीला भिंत, प्रत्येक घरात एक दिवा. ज्या वस्तूच्या वासापायी पोरं तिच्याशेजारी बसत नव्हती, तिच्या पोटात एवढं नगर वसलेलं होतं आणि ते तिने रोज सकाळी ढीगभर फेकून दिलं होतं. आपली बोटं नाकाशी नेऊन तिने हळूच हुंगली. मला वाटलं, याच एका डोळ्यासाठी अंबाल्याहून इथवर आलो असेन.

आता इथे जरा थांबतो आणि माझ्या आजच्या दशेविषयी सांगतो, कारण शेवटी मला दुसरंच सांगायचं आहे. मी आता चांगलाच म्हातारा झालो. पितळेचा रंग उडाला, स्क्रूचे आटे झिजले, खालच्या भिंगाला ओरखडा आहे. मुलांच्या बोटांचे ठसे माझ्या अंगावरून कधी पुसले जात नाहीत. माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याजवळ विनवणी करतात की आम्हाला जपा. मी उलटं मागतो. मला फार जपू नका. कपाटात मी बारा वर्षं चकचकीत होतो आणि आंधळा होतो. हाताळा, चुका, सांडा, आणि ज्या शाळेत असा एखादा हिरव्या फडक्याखाली बसला असेल त्याची किल्ली मागा. तुमच्या गुरुजींकडूनच मागा. कदाचित त्यांनाही ती हवी असेल.

कारण त्या दिवशी पुढे असं झालं.

सुट्टीनंतर आकृत्या झाल्या. गुरुजी माझ्याच टेबलाशी बसून तपासू लागले. एकेक वही पुढे येई, तिसऱ्या पेशीत ठिपका असे, खूण होई. शामलाची वही आली. पेशी वाकड्यातिकड्या होत्या, काही लांब, काही आखूड, तक्त्यासारख्या शिस्तीच्या नव्हत्या. ठिपका नव्हता.

"ठिपका राहिला," गुरुजी म्हणाले. लाल पेन खाली आलं.

"नाही जी गुरुजी. तो तिथं नाहीच आहे."

दारातून मधुकरराव आत आले. "काय म्हणते ही? अठरा वर्षं गुरुजी शिकवतात तो ठिपका खोटा, आणि हिचं खरं? शिवाय यंत्राला हात लावलेला दिसतो! शून्य द्या हिला."

शून्य म्हणजे काय, ते शामलाला ठाऊक होतं. शून्य म्हणजे विज्ञानात नापास, खानावळीत आईशेजारचा पाट आणि उद्यापासून दिवसभर कांदे. तरी ती जागची हलली नाही. हळू आवाजात म्हणाली, "एक डाव पाहून घ्या ना जी. काच अजून लावलेलीच आहे."

"पाहा गुरुजी," मधुकरराव म्हणाले, "आणि दाखवा हिला ठिपका. मिटवा एकदाचं."

गुरुजी उठले. धोतराचा सोगा सावरला. वाकले. तपासणीच्या दिवशीसारखीच त्यांची पापणी मिटलेली होती आणि थरथरत होती.

"गुरुजी," शामला अगदी त्यांच्या कानाशी म्हणाली, "डोळा उघडा ठेवा. जरासं वर. नाहीतर आपल्याच पापण्या दिसते."

कुणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं. आणि पापणी उघडली.

मित्रांनो, पंचेचाळीस वर्षांच्या माणसाची बाहुली लहान मुलासारखी मोठी होताना मी पाहिली. श्वास थांबला होता. काचपट्टी त्यांच्या बोटाने हळूहळू सरकू लागली, एका घरातून दुसऱ्या घरात, पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी पेशी, चौथी, पन्नासावी. ते ठिपका शोधत होते. नंतर नंतर ते ठिपका शोधत नव्हते, नुसते बघत होते. खाली गल्लीतून एक सायकलरिक्षा घंटी वाजवत गेली. भीमाबाई दारात झाडू धरून उभी होती.

"दिसला ना?" मधुकररावांनी विचारलं. "सांगून टाका तिला."

गुरुजींनी डोळा काढला. त्यांच्या भुवईवर माझ्या नळीचा गोल वळ उमटला होता. त्यांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं, बेचाळीस पोरांकडे पाहिलं, मग शामलाकडे. लाल पेनाला टोपण लावलं. आणि अठरा वर्षांत पहिल्यांदाच ते वर्गात घरच्या बोलीत बोलले:

"नाही सर, ठिपका नाही. तिचं बरोबर आहे. ट्रेनिंग कॉलेजात आमी साठ जण होतो अन् यंत्र एक होतं. माझा नंबर यायच्या आतच घंटा झाली. मंग मी तक्ता पाहून तक्ता काढला. खरं सांगतो पोरांनो, हे मी आज पयल्यांदा पाहून राहिलो."