थंडी बघायला

हेमावतीचं डॉक्टरकी शिकायला एडिंबरोला जायचं ठरलं आणि धारवाडातली निम्मी गल्ली तिच्या आईला सल्ले देऊन गेली. कुणी म्हणालं सुंठ द्या, कुणी म्हणालं मेतकूट. पासपोर्ट आणि बोटीचं तिकीट वडिलांनी, वादिराजरावांनी, स्वतःकडे घेतलं होतं. थंडीचं मात्र कुणालाच काही उमगत नव्हतं.

"म्हणजे किती थंडी?" तिची आई, चंद्रभागाबाई, ज्याला त्याला विचारत. पौषातल्या पहाटे सडा घालताना बोटं आखडतात, त्यापलीकडची थंडी त्यांनी अनुभवलीच नव्हती. पोरीचं जाणं मोडावं, असंही त्यांना मनातून वाटे. तसं बोलून मात्र दाखवलं नव्हतं.

त्यांचा धाकटा भाऊ शेषगिरी विलायतेत शिकून आलेला, हुबळीच्या रेल्वे कारखान्यात इंजिनियर होता. तो म्हणाला, "अक्का, हे सांगून कळायचं नाही. उद्या दोघी हुबळीला या. कोट घेऊन या."

हुबळीच्याच दुर्गदबैल पेठेतल्या शिंप्यानं नुसतं चित्र बघून शिवलेला तो जाड कोट घेऊन मायलेकी आल्या. शेषगिरीनं त्यांना बर्फाच्या कारखान्यात नेलं. मालक त्याच्या ओळखीचा होता. जाडजूड लाकडी दार उघडलं आणि नवसागरासारखा उग्र वास नाकात शिरला. आत मंद दिव्याखाली माणसाच्या उंचीच्या बर्फाच्या लाद्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या पोटातून निळसर उजेड झिरपत होता. बाहेर वैशाख तापला होता, हे चंद्रभागाबाईंना खरंच वाटेना.

हेमावती कोट घालून उभी राहिली. "आई, बघ," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली.

चंद्रभागाबाई बघतच राहिल्या. जन्मापासून या पोरीचा श्वास त्यांनी ऐकला होता. तापात छातीवर हात ठेवून मोजला होता. तो डोळ्यांना दिसतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी हात पुढे केला. वाफ बोटांमधून विरून गेली.

"शेषगिरी, तिकडे सगळीकडे असंच?"

"हिवाळ्यात सगळं गाव असं, अक्का. कौलांवर बर्फ, झाडांवर बर्फ. रस्त्यात घोडे उभे असतात, त्यांच्या नाकातूनसुद्धा वाफा निघतात."

"आणि माणसं?"

"माणसं कामाला जातात."

एवढ्यात चंद्रभागाबाईंच्या पोटऱ्या बधिरल्या. त्या खाली वाकल्या आणि लेकीच्या पातळाचा काठ चाचपून पाहिला.

"कोटाचा काय उपयोग? थंडी खालून शिरतेय. आतून लोकरीचा परकर हवा हिला. मोजे गुडघ्यापर्यंत हवेत."

"हे मला सुचलंच नाही," शेषगिरी ओशाळून म्हणाला. "मी विजार घालत होतो. साकु, पुरे झालं, आता बाहेर चला."

बाहेर उन्हाचा झोत अंगावर आला, तरी चंद्रभागाबाई काही वेळ पदर लपेटूनच चालत होत्या. परत धारवाडला न जाता त्यांनी टांगा बाजाराकडे वळवायला लावला, आणि तिथे स्वतः हातानं चोळून बघून परकरासाठी जाड लोकरी फलालीन घेतलं.

श्रावणात हेमावती निघाली. गाडी सुटण्याआधी आईनं खिडकीपाशी विचारलं, "भीती वाटते?"

"वाटते," हेमावती म्हणाली. "तुला?"

"मलाही. पण एवढं मोठं जग आहे, हे मला माहीतच नव्हतं गं."

गाडी सिग्नलपलीकडे गेली, तरी त्या फलाटावरून हलल्या नाहीत.