दोनशे एकोणिसावी ओळ

मी मोबाइल बोलतोय, पण हौसेनं नव्हे. आधी कोळशाच्या बादलीत फेकायचं आणि मग 'तुझी कहाणी सांग' म्हणायचं, ही कुठली रीत? विचारलंच आहे तर ऐका. शाळा मी पाहिलेली नाही, जमेल तसं सांगेन.

माझा जन्म कारखान्यात झाला. एकाच दिवशी हजारो जन्मलो, त्यामुळे कौतुक कुणाचंच झालं नाही. पहिली मालकीण उर्शुला, ट्राम चालवते. तीन वर्षं तिच्या खिशात काढली. काच तडकली तसा तिनं नवा घेतला आणि मला बापाकडे दिलं. आपल्याला नकोसं झालं की बापाला द्यायचं, ही माणसांची जुनी खोड.

बाप म्हणजे तेओफिल पिएचा. चाळीस वर्षं कोळशाच्या खाणीत घालवली. खाण बंद पडली, कबुतरं राहिली. खाणवाल्यांच्या लाल विटांच्या चाळीत राहतो. मागच्या अंगणापलीकडे कोठी, कोठीच्या माळ्यावर ढाबळ. तिथं बारा कबुतरं. त्यातली फ्रीदा नावाची निळसर मादी आठ वर्षांची, म्हणजे तीही म्हातारीच.

वसंतात म्हाताऱ्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. शिडी बंद. उर्शुला म्हणाली, "बाबा, ढाबळ काढून टाका. मी ट्राम चालवू की तुमची शिडी चढू?"

"फ्रीदाला शर्यतीला सोड. ती परत आली तर ढाबळ राहील. रविवारी सहापर्यंत नाही आली, तर काढ."

"शब्द?"

"शब्द."

सगळी गोष्ट एवढ्यावर अडली होती.

पूर्वी हा माणूस अंगणात खुर्ची टाकून आभाळाकडे बघत बसायचा. आता जिना उतरवत नाही, आणि खोलीची खिडकी रस्त्याच्या बाजूला, ढाबळ मागे. म्हणून माझ्यावर भिस्त. कबूतर ढाबळीच्या उंबऱ्यावरून आत शिरलं की पायातल्या कड्याचा नंबर आपोआप, कबुतरं लांब नेऊन सोडणाऱ्या शर्यत-मंडळाच्या यादीत चढतो. ती यादी माझ्या काचेवर दिसते. ज्याचं कबूतर आधी आलं त्याचं नाव वर, उशिरा आलेल्याचं खाली. बनवून घेतली मंडळाच्या चिटणिसानं, एवाल्ड कोचूरनं.

त्या यादीला एक रोग होता. जिल्ह्यात कुठंही, कुणाचंही कबूतर आत शिरलं की यादी ताजी व्हायची आणि उडी मारून थेट वर जायची. वर कोण? एवाल्ड कोचूर. नेहमीच. तेओफिलनं एकदा सांगूनही पाहिलं होतं, "मी खाली वाचत असतो, ती मला वर का नेते?"

एवाल्ड हसला. "खाली बघायला आहे काय, लेका?"

रविवार उजाडला. उर्शुला दुपारच्या पाळीला गेली. म्हाताऱ्यानं पिठाचे गोळे आणि लाल कोबी कसाबसा गिळला आणि मला हातात घेतलं. त्याच्या अंगठ्याचं नख खाणीत चेपलेलं. सरकवतोय, सरकवतोय, चाळीसावी ओळ, नव्वदावी, एकशे दहावी, की कुणाचं तरी कबूतर आलं. उडी. पुन्हा एवाल्ड. पुन्हा सरकव. एकदा तर तो दोनशे चारपर्यंत पोचला होता. मला त्याच्या अंगठ्याचा घाम लागत होता.

खालच्या मजल्यावरची बाई दारात आली. "तेओफिलदादा, मी जाऊन बघून येऊ का ढाबळीत?"

"खबरदार! पाखरं उतरायच्या वेळेला अंगणात पाऊल टाकायचं नाही!"

ही इथली जुनी शिस्त. परकं माणूस दिसलं की कबूतर छपरावरच बसून राहतं. शर्यतीच्या दिवशी चाळीत धुणंसुद्धा वाळत घालत नाहीत. पन्नास वर्षं यानंच बायकांना दटावलं. बाई बिचारी खाली गेली. शिस्तीनं शिस्त लावणाऱ्यालाच धरलं.

साडेपाचला एवाल्ड आला. टेबलावर स्वतःचा नवा मोबाइल ठेवला, माझ्या शेजारी.

"आली का रे म्हातारी?"

"दिसत नाही."

"घारीनं नेली असणार. सोड आता. राहिलेली अकरा मला दे. तुझं वाण चांगलं आहे, वाया जायला नको."

चिटणिसाला एकेकाचं नाव वेगळं काढून बघता येतं. त्याच्या मोबाइलवर पिएचा नाव उघडंच होतं. मी शेजारी पडलो होतो, मला दिसलं: फ्रीदा, तीन वाजून चौदा मिनिटं. एवाल्डनं ते पाहिलं आणि मोबाइल पालथा घातला. मी काय करणार? मला बोलायला तोंड नाही.

सहाचे टोले पडले. तेओफिलनं हात पुढे केला. हातावर हात दिला की कबुतरवाला मागे फिरत नाही.

"अकरा," एवाल्ड म्हणाला. जाताना मला टिचकी मारली. "आणि हा डबा फेक. यादी चांगली आहे, हाच सडलाय."

म्हाताऱ्यानं मला उचलून कोळशाच्या बादलीत आपटलं.

सातला शर्यत संपली. नवं कुणी येणार नव्हतं, म्हणून यादीही गप्प झाली. उर्शुला घरी आली, मला फुंकून पुसलं आणि बोटानं खाली जात राहिली. यादी जागची हलली नाही.

"बाबा, दोनशे एकोणीस. तीन चौदा. फ्रीदा."

म्हातारा काठी विसरला. शिडीवर उर्शुला मागून ढकलत होती आणि शिव्या देत होती. फ्रीदा तिच्या खणात पंख फुगवून बसली होती. पुढ्यात दाणा नाही, पाणी नाही.

"आलीस होय," एवढंच तो म्हणाला.

सोमवारी एवाल्ड टोपल्या घेऊन आला. अकरा मोजून भरली. बाराव्या खणाकडे हात गेला तसा उर्शुलाच्या आधारानं वर आलेल्या तेओफिलनं काठी आडवी धरली.

"अकरा म्हणालास. हिला घारीनं नेलं, हेही तूच म्हणालास."

एवाल्ड टोपल्या उचलून शिडी उतरला.

ढाबळ राहिली. फ्रीदा राहिली. उर्शुला शिडी चढते आणि कुरकुरते. मी दाण्याच्या डब्यात पडून आहे, भोकात कोळशाची पूड गेल्यामुळे चार्ज होत नाही. तक्रार नाही. मागणं एकच, याद्या बनवणाऱ्यांकडे: यादी खुशाल ताजी करा, पण माणसाचं बोट जिथं पोचलंय तिथंच त्याला राहू द्या. ज्याला वर जायचंय तो आपणहून जाईल.

तेओफिलनं मला बादलीत फेकलं, पण दुसऱ्या दिवशी बाहीनं पुसून 'तुझी चूक नव्हती' म्हणाला. त्याचं-माझं मिटलं. मला सडका म्हणणाऱ्यानं मात्र अजून माफी मागितलेली नाही. नाव लिहून ठेवा: एवाल्ड कोचूर.