दोन चुली, एक छप्पर

मी गवताच्या छपराचं घर बोलतोय. हळूच बोलतो, कारण आवाज चढवला की भिंतीचा पोपडा गळतो.

मला एका नावाड्याने बांधलं. त्याने आणि त्याच्या बायकोने मिळून नदीची चिकणमाती गवत घालून तुडवली, तिच्या माझ्या भिंती झाल्या. भिंतींवर पाणी येऊ नये म्हणून त्याने वळचण खूप खाली आणली. नावाडी उंच होता. आत येताना वाकायचं त्याच्या कधी अंगवळणी पडलं नाही. रोज कपाळ आपटायचा आणि रोज माझ्यावर डाफरायचा, जसं काही मीच मला बांधलं होतं.

मला धुराडं नाही. चुलीचा धूर वर जायचा, गवतात मुरायचा आणि सावकाश बाहेर पडायचा. आत सगळं काळंकुट्ट होई. पण त्या धुराला भिऊन किडे गवताला शिवत नसत. माणसांचे डोळे चुरचुरत आणि मी टिकत असे.

नावाड्याला दोन मुलगे. नदीवर पूल झाला आणि नाव काठावर पडून राहिली. म्हातारा गेल्यावर, धाकटा कामासाठी लांब असताना, थोरल्याने ती नाव फोडली आणि फळ्यांचं गोठ्याला दार केलं. धाकटा परतला. गोठ्याचं दार त्याने ओळखलं.

"बाबांची होती, दादा. विचारायचंस तरी."

"कुजत होती," थोरला म्हणाला.

एवढंच. त्यानंतर माझ्या पोटात मधोमध एक कुडाची भिंत उठली. दोन दारं झाली, दोन चुली झाल्या. भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले.

पण छपराची वाटणी कशी करणार? आढं एकच, त्यामुळे मधली भिंत तुळईपाशीच थांबली आणि वरचा भाग मोकळा राहिला. इकडची खोकल्याची उबळ तिकडे ऐकू जायची. जावांनी त्यातून वाट काढली. थोरली जाऊ भांडी घासताना भांड्यांनाच सांगायची, "पोरीला ताप आहे गं बाई." थोड्या वेळाने पलीकडची भांडी विचारायची, "उतरला का?" दोघींचे नवरे गप्प बसून ऐकायचे आणि काही न ऐकल्याचं सोंग करायचे.

गवत जुनं झालं की शाकारणी करावीच लागे, आणि ते काम एकट्याचं नव्हे. एकाने वर बसून दोरी ओवलेली हातभर लांब लाकडी सुई गवतातून खाली खुपसायची. दुसऱ्याने आत, माळ्यावर उभं राहून, ती धरायची, दोरी वाशाभोवती फिरवायची आणि सुई परत वर सारायची. धाकटा चपळ, म्हणून तो वर. थोरला आत, डोक्यावर जुन्या गवताचा भुगा झेलत. दिवसभर दोघांत दोनच शब्द. वरून "घे." खालून "ओढ." इतक्या वर्षांत त्यांनी एकमेकांना दिलेले शब्द हेच, आणि तेही माझ्यामुळे. मला त्याचा अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू?

एका शाकारणीला खालून "ओढ" यायला उशीर होऊ लागला. धाकटा वर चिडला, सुई जोरात खुपसू लागला. मग एकदा त्याने दोरी ओढली, ती लाल होऊन आली.

तो उतरला. थोरल्याच्या दारातून, कपाळ वाचवत, पहिल्यांदाच आत गेला. थोरला माळ्यावर तळहात मुठीत आवळून बसला होता.

"तुला सुई दिसत नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं. चाचपून धरायचो."

"सांगायचं नाही का रे?"

"सांगणार कुणाला? आपलं बोलणं कुठं होतं?"

धाकट्याने आपलं मुंडासं फाडून त्याचा हात बांधला. त्या दिवशी काम तिथेच राहिलं. उघड्या आढ्यातून ऊन आत आलं होतं आणि त्या उन्हात दोघं भाऊ माळ्यावर पाय सोडून बसले. नावेचं नाव कुणी काढलं नाही. म्हाताऱ्याच्या कपाळावरच्या टेंगळाची आठवण मात्र निघाली, आणि थोरला इतका हसला की त्याला ठसका लागला.

मधली भिंत त्यांनी पाडली नाही. तिच्यात एक दार पाडलं. उरलेली शाकारणी जावांनी पूर्ण केली. थोरली खाली, धाकटी वर, आणि दोघी एवढ्या बोलल्या की काम दुप्पट लांबलं.

आता दोघे भाऊ नाहीत, जावाही नाहीत. मुलांनी रस्त्याकडेला पक्की घरं बांधली. माझ्यावर 'ऐतिहासिक' अशी पाटी लागली. लोक येतात, फोटो काढतात. मधल्या दाराला त्या काळची वायुवीजनाची सोय म्हणतात. म्हणू देत. चूल पेटवायला बंदी आहे. गवत आग धरेल अशी भीती. त्यांचंही चुकत नाही. पण धूर थांबल्यापासून किडे आत आलेत. गवत आतून पोखरून निघालंय. बाहेरून मी अजून बरा दिसतो, तेवढंच.

परवा तपासणीसाठी माणसं आली होती. वासा दाबून पाहिला, तो बोटाखाली दबला. बाहेर उभं राहून ती कुजबुजत होती. सावरायचं की उतरवायचं, ते अजून ठरत नाहीये.

माझं म्हणाल तर मी थकलोय. उभं राहण्याचाच आता शीण होतो. उतरवलंत तर माझी तक्रार नाही. फक्त एक करा. माझ्या भिंतींचा ढिगारा खड्ड्यात लोटू नका. कुणी घर बांधत असेल, त्याला माती नेऊ द्या. जुनी आहे, पण चांगली मळलेली आहे. भिजवली की पुन्हा भिंतीला लागते.