तानाबाईची बाजू

मी एक जुनी शेगडी आहे, मित्रांनो, पण जन्मानं मी पिंप. बिद्रीकडच्या एका गुऱ्हाळावर माझ्यात काकवी भरून ठेवत. मुंग्यांचा त्रास सोडला तर दिवस गोड होते. पुढे मी गळू लागले आणि भंगारात पडले. तिथून मला शिवाजी पेठेतल्या लालासाब वेल्डरनं उचललं, आडवं पाडून मधोमध कापलं, चार पाय जोडले आणि शेजारच्या तानाबाईच्या गच्चीवर नेऊन उभं केलं. कापताना दुखलं, खोटं कशाला सांगू? माझा दुसरा अर्धा भाग त्याच्या दुकानातच राहिला.

तानाबाईला विस्तवाची पारख होती. कोळसे कधी पसरायचे, कधी एकत्र ओढायचे, हे तिला बघताच कळायचं. पण तिचा मुलगा आदर्श आणि सून पूर्णिमा जाळीवर मटण भाजायला लागले की ती लांब पाण्याच्या टाकीजवळ जाऊन बसायची. आपलं कणीस खाली गॅसवर भाजून आणायची.

एकदा लालासाबनं विचारलंच, "अक्का, शेगडी तुमच्यासाठी केली आन् तुम्हीच लांब?"

"आदर्श चार वर्षांचा असताना तापानं पडलता, आठवतंय न्हवं?"

"न आठवाय काय झालं? माझ्याच लुनावरनं दवाखान्यात नेलता की."

"तवा जोतिबाला बोलले, पोरगं उठू दे, वशाट तोंडाला लावणार न्हाय. त्येच्या विस्तवावरचं, त्येचा धूर लागलेलं बी न्हाय. पर आदर्शला सांगू नका भाऊ. उगं पोराच्या डोक्यावर वझं."

लालासाबनं तसा शब्द दिला. दुसऱ्या दिवशी जाड पत्रा घेऊन आला आणि माझ्या पोटात मधोमध उभा करून जोडला. एका बाजूला मटण, दुसऱ्या बाजूला तानाबाईची कणसं. तिची जाळी वेगळी, चिमटा वेगळा. घरात सगळे त्या भागाला 'तानाबाईची बाजू' म्हणू लागले.

ते माझे खरे सुखाचे दिवस. तानाबाई कणसाची पानं मागं ओढून त्यांचीच मूठ करायची आणि हलक्या हातानं फिरवत बसायची. दाणे तडतडले की तिखट, मीठ, लिंबू. रमजानात सूर्य मावळायच्या सुमारास ती लालासाबसाठी दोन कणसं भाजून ठेवायची. त्याचा रोजा, तिचा नेम. दोघांचं बरं जमायचं.

मग आदर्शनं मोबाईलवर मटणाला धुरी द्यायची रीत बघितली. लालासाबच्या दुकानातून माझा दुसरा अर्धा भाग आणला आणि बिजागऱ्या लावून माझं झाकण केलं. इतक्या वर्षांनी मी पुन्हा पुरी झाले, मला केवढा आनंद झाला! कोळशावर उसाची चिपाडं टाकली की असा गोड धूर सुटायचा की गल्लीतली मांजरं गच्चीवर हजर व्हायची.

आदर्शच्या तिसाव्या वाढदिवशी त्याच्या बाजूला मटण होतं आणि तानाबाईच्या बाजूला तीन कणसं. ती लिंबू आणायला खाली गेली. आदर्शला वाटलं, आईच्या कणसांनाही जरा धुरी लागू दे. त्यानं प्रेमानंच झाकण दाबून बसवलं, आणि मटणाचा धूर पत्र्यावरून कणसांकडे वळला.

तानाबाई आली, एक घास घेतला आणि थांबली. "आदर्शा, झाकण लावलंतंस?"

"व्हय की. चव लागतीया न्हवं?"

तिनं कणीस खाली ठेवलं. ती तशीच जिना उतरली.

"एवढ्याशा धुरानं काय हुतंय?" आदर्श पूर्णिमाला म्हणाला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे, ती स्वतःसाठी नाही भ्यायलेली, तुझ्यासाठी भ्यायली आहे! पण लोखंडाला कुठलं तोंड?

त्यानंतर तानाबाई गच्चीवर फिरकली नाही. आदर्शला कामावरून यायला जरा उशीर झाला तरी ती दारात उभी राहायची. आईचा रुसवा काढायला आदर्शनं विजेवरची नवी शेगडी आणली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! ती खोक्यातून बाहेरही निघाली नाही. इकडे माझ्यातली राख पावसानं भिजली, गंज चढला, वर कुणी फुटक्या कुंड्या आणून ठेवल्या.

शेवटी आदर्शनं लालासाबला बोलावलं. "चाचा, न्या ही. आई तर हिच्याकडं बघत बी न्हाय."

झाकण कधी आणि कसं लागलं, हे लालासाबनं खोदून खोदून विचारून घेतलं. मग म्हणाला, "बस खाली. मी अक्काला दिलेला शब्द आज मोडतोय." आणि त्यानं ताप, लुना, नवस, सगळं सांगितलं.

आदर्श माझ्या गंजक्या काठावर हात ठेवून रडला. तीस वर्षांचा बाप्या, पण चार वर्षांच्या पोरासारखा रडला.

पुढच्या रविवारी तो आईला घेऊन जोतिबाला गेला. नारळ ठेवला, चूक पोटात घाल म्हणाला. त्या आठवड्यात लालासाबनं माझं झाकण मधोमध कापलं. आता धुरी फक्त मटणाच्या बाजूला, तानाबाईची बाजू कायम उघडी. पुन्हा कापले गेले, पण या खेपेला दुखलं नाही.

माझा गंज आदर्शनं स्वतः घासून काढला. संध्याकाळी आईला हाताला धरून वर आणलं. "आज नुसती तुझीच बाजू पेटवलीया. मटण न्हायच."

त्यानं भाजलेलं कणीस तिनं नाकाजवळ नेलं. मग दाणे तोंडात टाकले. आदर्शचा जीव टांगणीला लागला होता, आणि माझाही.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली आणि दुसरं कणीस उचललं.

मित्रांनो, घरी माझी एखादी बहीण असेल तर काम झाल्यावर तिच्यातली राख काढा, तेलाचं बोट फिरवा, पावसात उभी करू नका. लोखंड तेवढ्यावर जन्मभर पुरतं. आणि झाकण लावण्याआधी पलीकडच्या बाजूला कुणाचं काय भाजतंय, एवढं मात्र विचारा.