भिंगऱ्याच्या गाडीचा हेक्स

मित्रांनो, मी एक जुना हेक्स आहे. नाव ऐकून बुचकळ्यात पडू नका. रिमोटवर धावणाऱ्या छोट्या गाडीचा आस आणि तिचं चाक यांना जोडणारा सहा बाजूंचा धातूचा तुकडा म्हणजे मी. आकारानं सदऱ्याच्या बटणाएवढा. चाक बसलं की मी त्याच्याआड जातो, त्यामुळे माझं कौतुक करायला कोणी वाकून बघत नाही.

एका कारखान्यात अॅल्युमिनियमच्या कांबीतून मला कापलं. मधोमध भोक पाडलं, पाठीवर खाच कोरली. मग आम्हा चौघा भावांना एका पुडीत घालून दुकानात पाठवलं. तिथून आम्हाला एका न्हाव्यानं उचललं. या गड्याला फिरणाऱ्या वस्तूंचं भारी वेड, म्हणून सगळे त्याला भिंगऱ्याच म्हणत.

त्यानं आम्हाला बसवलं ते मात्र घाईघाईत. खुर्चीत गिऱ्हाईक बसलेलं, गालावरचा साबण वाळत चाललेला. आसातून एक बारीक पिन आरपार जाते. माझी खाच त्या पिनेवर नीट बसली पाहिजे आणि माझा इवलासा स्क्रू घट्ट आवळला पाहिजे. भिंगऱ्यानं स्क्रू नुसता टेकवला आणि वस्तरा हातात घेतला.

व्हायचं तेच झालं. मैदानावरच्या शर्यतीत मी सैल पडलो. पिन निसटून गवतात हरवली. मोटर फिरत होती, आसही फिरत होता, पण माझं चाक ढिम्म! गाडी जागची हलेना. लोक पोट धरून हसले. भिंगऱ्याचं तोंड एवढंसं झालं. त्यानं गाडी दुकानातल्या कपाटावर टाकली, मोडक्या कंगव्यांच्या शेजारी. माझ्या अंगावर धुळीचे आणि बारीक केसांचे थर चढले.

एके दिवशी सकाळी भिंगऱ्याची थोरली बहीण धापा टाकत दुकानात शिरली. तिचा नवरा समोरच्याच गोदामात कामाला होता.

"भिंगऱ्या, चल लवकर! गोदामातले रॅक कोसळलेत. तुझे भावजी मागच्या कोपऱ्यात अडकलेत!"

"लागलंय का त्यांना?"

"लागलं नाही, पण प्लास्टरची पोती फुटलीत. सगळा धुरळा झालाय, त्यांना दमा उठलाय. आणि दम्याचा पंप राहिलाय बाहेर, गोदामाच्या दाराजवळच्या टेबलावर!"

अग्निशमनवाल्यांना कळवलं होतं, पण ते वाटेत होते. आडव्या पडलेल्या रॅकखाली वीतभर फट उरली होती. माणूस त्यातून जाणार कसा? भिंगऱ्याची नजर कपाटावर गेली.

त्यानं गाडी काढली, चाक सोडवलं. मला फडक्यानं लख्ख पुसलं. ब्लेडच्या डबीतून एक जादा पिन शोधली आणि आसात घातली.

"अरे, आता कसली पुसापुशी करतोस? सोड ना ती गाडी!" ताई रडवेली झाली.

"ताई, ही मध्येच अडकली तर वाटच बुजेल. थोडा दम धर."

त्यानं माझी खाच पिनेवर बसवली. चावी घेऊन स्क्रू आवळला, हलवून पाहिला, आणखी एकदा आवळला. गळ्यावरून वस्तरा फिरवताना त्याचा हात जसा स्थिर असतो, तसाच तो तेव्हा होता. मग चाक चढवलं, नट कसला. बाकीची तिन्ही चाकंही तपासली.

गोदामाशी धावत जाऊन त्यानं टपावर रबरानं पंप बांधला आणि गाडी फटीत सोडली. आत अंधार होता आणि धुरळा. भावजींना बोलवत नव्हतं, ते नुसते टाळी वाजवत होते. त्या आवाजाच्या रोखानं भिंगऱ्या गाडी नेत होता. वाटेत एक फळी आडवी आली. गाडी अडखळली. आसानं सगळा जोर माझ्यावर टाकला, मी तो चाकाला दिला. पिन हलली नाही. गाडी फळीवर चढली आणि पलीकडे उतरली.

टाळ्या थांबल्या. इकडे ताईनं पदर तोंडाशी धरला. मग आतून फुस्स असा आवाज आला. पुन्हा एकदा आला. जरा वेळानं भावजींचा खोल गेलेला आवाज आला, "भिंगऱ्या, लेका... गाडी थेट माझ्या पायावर घातलीस की रे!"

ताई मटकन खाली बसली आणि रडता रडता हसू लागली. भिंगऱ्यानं आत्ता कुठे रिमोट खाली ठेवला. पुढे अग्निशमनवाले आले आणि त्यांनी रॅक उचलून भावजींना सुखरूप बाहेर काढलं. धुरळ्यानं पांढऱ्याफटक झालेल्या भावजींनी मला गाडीसकट छातीशी धरलं होतं. त्यांचा श्वास संथपणे खालीवर होत होता. मित्रांनो, एवढं सुख मला कुठल्या शर्यतीनं दिलं असतं?

तेव्हा एवढं ऐका. सायकल असो, पंखा असो की खेळण्यातली गाडी, तिच्या आत दडलेल्या माझ्यासारख्या चिल्लर मंडळींची अधूनमधून विचारपूस करा. धूळ पुसा, सैल झालेलं आवळा. आणि फार घाई असेल ना, तेव्हा तर जरा जास्तच सावकाश आवळा.