डाव्या बाजूची सीट

दवाखान्यातल्या बाईंनी फोनवर एवढंच विचारलं, की मिस्टर टॉलेफसन दोन्ही वेळा आले नाहीत, तर आता पुढची तारीख द्यायची की यादीतून नाव काढायचं?

मार्लिस रिकाम्या स्वयंपाकघरात उभी होती. टेबल, खुर्च्या, फ्रीज सगळं गेल्या शनिवारी अंगणात मांडून विकून झालं होतं. भिंतीवर फोन तेवढा राहिला होता आणि तोही दुपारी बंद होणार होता.

"पुढची द्या," ती म्हणाली. "लवकरात लवकरची."

तीन आठवड्यांनंतरची मिळाली. ऑक्टोबरची नऊ तारीख, सकाळी सव्वाआठ. लिहून घ्यायला घरात कागद नव्हता, म्हणून तिने ती डाव्या तळहातावर लिहिली आणि मूठ मिटली.

खिडकीतून तिचा नवरा वर्लिन टॉलेफसन दिसत होता. मोटरहोमची पुढची काच तो शिडीवर चढून पुसत होता. छत्तीस फुटांची गाडी, आत पलंग, शेगडी, न्हाणी, सगळं. दोन वाजता तालुक्याच्या गावी वकिलाच्या ऑफिसात खरेदीखतावर सह्या करायच्या आणि तिथूनच दक्षिणेचा रस्ता धरायचा, असं ठरलं होतं. बत्तीस वर्षांच्या या घरात परत यायचं नव्हतं. वर्लिन गेल्या आठवड्यापासून 'घर' म्हणताना बोट बाहेर, गाडीकडे करायचा.

दवाखान्यात जाऊन आलो, असं त्याने तिला दोनदा सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, दुसरं काही नाही. तेव्हापासून ती रोज त्याच्या हाताशी पाण्याची बाटली भरून ठेवत होती.

झालं होतं ते असं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नवी गाडी घेऊन दोघं परत येत होते. चालवत वर्लिनच होता. सरळ रस्ता, समोर कोणी नाही. गाडी हळूहळू उजवीकडे सरकायला लागली. खडीवर उतरली, एका शेतकऱ्याची टपालपेटी खांबासकट आडवी केली, तेव्हा मार्लिसने हात घालून स्टिअरिंगचं चाक डावीकडे ओढलं. वर्लिनचे डोळे उघडे होते, आणि त्या डोळ्यांमागे कोणी नव्हतं. चार सेकंद. शाळेची बस एकोणतीस वर्षं चालवलेल्या बाईला सेकंद मोजायला घड्याळ लागत नाही.

भानावर आल्यावर तो म्हणाला, सूर्य डोळ्यांवर आला. सूर्य पाठीमागे होता. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः जाऊन नवा खांब सिमेंटमध्ये पुरून दिला आणि रविवारी चर्चनंतरच्या कॉफीला ती गोष्ट सगळ्यांना हसत हसत सांगितली. मार्लिसही हसली. तिच्याबरोबरच्या एका ड्रायव्हरला बसडेपोत फेफरं आलं होतं. त्याच दुपारी त्याच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या गेल्या. त्यानंतर तो रोज सकाळी कॅफेच्या खिडकीत बसून बस जाताना बघायचा. ते तिने पाहिलं होतं. म्हणून ती कोणाशी बोलली नव्हती, मुलीशी, कार्लाशीसुद्धा नाही.

अकरा वाजता घर घेणारं जोडपं ते शेवटचं एकदा बघायला आलं. ऑर्टेगा आडनावाचं, दोघंही गावाबाहेरच्या इस्पितळात नोकरीला. त्यांनी नळ सोडून पाहिले, दिवे लावून पाहिले. वर्लिनने त्यांना तळघरात नेलं आणि पावसाचं पाणी उपसणारा पंप कसा चालतो ते बादलीभर पाणी ओतून दाखवलं. ऑर्टेगा म्हणाला, तुमचा हेवा वाटतो हो. वर्लिनने गाडी आल्यापासून निदान पन्नास जणांना ऐकवलेलं वाक्य त्यालाही ऐकवलं, की आता घराला चाकं आहेत, शेजारी पटला नाही तर घरच हलवायचं. ऑर्टेगाची बायको मार्लिसकडे बघून म्हणाली, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"कसली?" मार्लिस म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता तिला माळ्यावर जायची शिडी दाखवायला निघाली.

पावणेएकला ते दोघं गेले. मार्लिस आणि वर्लिन गाडीपाशी आले तेव्हा तिने उजवा हात पुढे केला.

"किल्ली दे. मी चालवते."

वर्लिनला ती चेष्टा वाटली. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती आणि घरच्या गाडीत ती कायम उजव्या, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसत आली होती. दिवसभर बहात्तर पोरांची बस हाकायची आणि संध्याकाळी नवऱ्याशेजारी बसून किराणा आणायला जायचं, यात दोघांनाही कधी काही विचित्र वाटलं नव्हतं.

"तुझ्या बसमध्ये बसेन तेव्हा तू चालव."

"माझ्या बसमध्ये तू कधी बसलास?"

"मग झालं तर. चल, उशीर होतोय."

"दवाखान्यातून फोन आला होता."

तो थांबला. हातातलं फडकं त्याने नीट चौकोनी घडी करून खिशात घातलं.

"सह्या झाल्यावर बोलू," तो म्हणाला.

"सह्या झाल्यावर बोलायला काय उरेल?"

तो डावीकडून ड्रायव्हरच्या सीटवर चढला आणि त्याने इंजिन सुरू केलं. ऑर्टेगांचा सामानाचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी येऊन वळायला जागा शोधत होता. मार्लिस अंगणात क्षणभर उभी राहिली. ती चढली नसती तरी तो निघाला असता, एवढं तिला पक्कं माहीत होतं, आणि मग शेजारची सीट रिकामी असती. ती चढली.

चौदा मैलांचा रस्ता. मका काढणी सुरू होती. यंत्रांच्या धुरळ्याने दुपार पिवळी पडली होती. कुठे कापलेलं रान, कुठे माणसापेक्षा उंच उभं पीक. वर्लिन चाळीसच्या वेगाने, अगदी काटेकोर चालवत होता. कदाचित तिला दाखवायला म्हणूनच. त्याने रेडिओ लावला, तिने बंद केला. तो कॅन्ससमधल्या मुक्कामाबद्दल बोलायला लागला, की तळ्याकाठची जागा मिळाली आहे, विजेची जोडणी आहे, मालक फोनवर बरा माणूस वाटला. ती ऐकत नव्हती. ती त्याचे हात बघत होती. तिचा डावा हात गुडघ्यावर उघडा होता, चाकापासून दोन फुटांवर.

गावाच्या अलीकडे दोन मैलांवर रेल्वे रस्ता ओलांडते. फाटक नाही, दिवा नाही, नुसती इशाऱ्याची लाकडी फुली. दोन्ही बाजूंना मका अजून उभा होता.

"थांब," मार्लिस म्हणाली.

"काही दिसत नाहीये."

"म्हणूनच थांब."

"मागे पोरं नाहीत, ड्रायव्हरबाई."

"वर्लिन, थांब."

त्याने हसून गाडी थांबवली. गिअर पार्कमध्ये टाक, असंही ती म्हणाली, तेव्हा त्याने कमरेत वाकल्यासारखं करून तोही टाकला. मार्लिसने आपल्या बाजूचं दार उघडलं. शाळेच्या बसचा हाच नियम असतो. रुळांशी थांबायचं, दार उघडायचं, पोरांना गप्प करायचं आणि कान द्यायचा. तिने दिवसातून चारदा, एकोणतीस वर्षं तो पाळला होता. त्या सगळ्या वर्षांत आगगाडी खरोखर येताना सापडली ती सहा-सात वेळा असेल.

या वेळी आली. लांबून भोंगा ऐकू आला, मग जमिनीतून थरथर.

"येतेय," ती म्हणाली.

"येऊ दे. रात्रीचं जेवण तळ्याकाठी करू, म्हणजे सकाळी..."

वाक्य तिथेच राहिलं. ती वळली. वर्लिन समोर बघत होता. ओठ काही चघळत असल्यासारखे बारीक हलत होते. उजव्या हाताची बोटं शर्टाच्या एकाच बटणाशी चाळा करत होती, लावायचं आहे की काढायचं आहे हे ठरत नसल्यासारखी. तिने त्याला हात लावला नाही. तो पडणार नाही एवढं पाहिलं आणि गिअरच्या दांड्यावर आपला हात घट्ट ठेवला. मक्यामागून इंजिनं बाहेर आली. एकामागोमाग तीन, भोंगा वाजवत, काचेपासून पंधरा पावलांवरून. गाडीतली कपाटं खडखडली. वर्लिनच्या पापणीलाही ते कळलं नाही. इंजिनांमागून धान्याचे डबे सुरू झाले.

"...सकाळी लवकर निघता येईल," वर्लिन म्हणाला.

समोरून करडे डबे जात होते.

"ही कधी आली?"

मार्लिसने गिअरवरचा हात काढला नाही.

"आत्ता रूळ मोकळे होते," तो म्हणाला. हे त्याने तिला नाही, स्वतःलाच बजावल्यासारखं म्हटलं. त्याने डावीकडे मान काढून पाहिलं. सहकारी गोदामात त्याने सदतीस वर्षं याच डब्यांमध्ये मका भरला होता. एका डब्याची लांबी, भरल्या गाडीचा वेग, ओढ्यावरचा पूल रस्त्यापासून किती लांब, हे सगळं त्याला पाठ होतं. इंजिनं पुलापलीकडे गेली होती. मार्लिसला त्याच्या चेहऱ्यावर हिशेब होताना दिसला. त्या हिशेबात चूक काढायची त्याने दोनदा खटपट केली, हेही दिसलं.

"पंचवीस सेकंद," तो म्हणाला. "जास्तच."

"हो."

"मी थांबलो नसतो तर आपण..."

"थांबलास ना."

"तू थांबवलंस."

डबे जातच होते. त्याने विचारलं, की तिला केव्हापासून माहीत आहे. टपालपेटी पाडलीस तेव्हापासून, ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले. सहा आठवडे. त्यात माझीही चूक आहे."

तिने तळहात उघडून त्याच्यापुढे धरला. घामाने शाई पसरली होती, तरी तारीख वाचता येत होती. त्याने ती वाचली. दोनदा त्या दवाखान्याच्या आवारात गेलो होतो, असं तो म्हणाला. गाडी लावून आत बसून राहिलो. एकदा त्यांनी कागदावर लिहिलं, की संपलं. लायसन्स जाणार आणि हे सगळं जाणार. त्याने मागे, पलंगाकडे आणि शेगडीकडे मान हलवली.

शेवटचा डबा गेला. रस्ता एकदम शांत झाला. पलीकडच्या बाजूला थांबलेली एक पिकअप रूळ ओलांडून गेली. तिच्या ड्रायव्हरने सवयीने सलामाला एक बोट उंचावलं. वर्लिननेही सवयीने उंचावलं.

"ऑफिसात जाऊन सांगतो," वर्लिन म्हणाला. "घर विकत नाही म्हणून. वकील काय करायचं ते बघेल. तू म्हणशील तसं."

तो हे मनापासून म्हणत होता, आणि तीच पंचाईत होती. सकाळपासून तिला हेच ऐकायचं होतं. आता ऐकल्यावर तिच्यासमोर ते घर आलं, पण वर्लिनसकट आलं. खिडकीत खुर्ची टाकून, रस्त्याकडे तोंड करून बसलेला. आणखी एक गोष्ट होती, जी तिने त्याला कधी सांगितली नव्हती. एकोणतीस वर्षं ती रोज त्याच एक्केचाळीस मैलांच्या फेऱ्यावर फिरली होती. तालुक्याच्या हद्दीवर एका शाळकरी पोरीला उतरवून बस वळवायची, आणि समोर तोच रस्ता पुढे जात असायचा. तो कुठे जातो हे बघायची हौस एकट्या वर्लिनला नव्हती.

"घर विकायचं," ती म्हणाली. "पण कॅन्सस नाही. नऊ तारखेपर्यंत इथेच राहायचं. डॉक्टर सांगतील ते ऐकायचं आणि दोघांनी ऐकायचं, तू एकट्याने जाऊन मला निरोप द्यायचा नाही. कार्लाला आज तू फोन करायचास. मी नाही."

"आणि?"

"आणि ऊठ तिथून."

तो लगेच उठला नाही. चाकावर दोन्ही हात ठेवून बसला, जसे नवशिक्याला ठेवायला सांगतात तसे. मग पट्टा सोडला. दोन सीटांमधल्या अरुंद जागेतून एकमेकांना वाट देताना त्याचं ढोपर तिच्या कमरेला लागलं आणि तो "माफ कर" म्हणाला, परक्या माणसाला म्हणावं तसं. मार्लिसने सीट चार खाचा पुढे ओढली. उजवीकडे बसल्यावर वर्लिनला पाय कुठे ठेवावेत हे कळेना.

वकिलाच्या ऑफिसात दोघांनी अकरा ठिकाणी सह्या केल्या. वर्लिनची अक्षरं नेहमीसारखीच सरळ आली. कारकून बाईंनी टपालासाठी पत्ता विचारला. आयुष्य रस्त्यावर काढणारे लोक साउथ डकोटातल्या एका भाड्याच्या टपालपेटीचा पत्ता घेतात, तसा यांनीही घेऊन ठेवला होता. मार्लिसने तो दिला आणि महिनाभर मात्र आम्ही जत्रेच्या मैदानावर सापडू, असं सांगितलं. बाई वर्लिनकडे बघून म्हणाल्या, एवढी मोठी गाडी चालवायची म्हणजे दमत असाल.

ऑर्टेगा नवरा-बायको समोरच बसले होते. वर्लिनने पेनाचं टोपण लावलं.

"ही चालवते," तो म्हणाला. "मी शेजारी बसतो."

जत्रा ऑगस्टमध्येच उठली होती. मैदानावर मुक्कामाला आलेल्या तीन-चार गाड्या विखुरलेल्या होत्या. त्यांना मिळालेली जागा कुंपण आणि पाण्याच्या नळामध्ये होती, तिच्यात गाडी मागे घेत घेत घालावी लागणार होती. वर्लिन न सांगता खाली उतरला आणि मागे गेला. मार्लिसने डाव्या आरशात पाहिलं. त्यात कुंपण होतं, नळ होता, गवत होतं. वर्लिन नव्हता. तिने ब्रेक दाबून धरला. हाक मारली नाही, भोंगा वाजवला नाही.

थोड्या वेळाने तो स्वतःच डावीकडे सरकला, आणखी दोन पावलं सरकला आणि आरशाच्या मधोमध येऊन उभा राहिला. टोपी काढून त्याने काखेत धरली, तिला चेहरा दिसावा म्हणून. मग दोन्ही हात खांद्याच्या वर उचलले आणि तिला मागे बोलवायला लागला.