अडीच रिंग

त्याला घरीदारी सगळे अपडेटराव म्हणत आणि त्याला त्याचा राग नव्हता, उलट अभिमानच होता. दिवसभर तो डेंटल लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या बनवायचा. तिथे मात्र नवीन काही करायची सोय नव्हती. बत्तीस दात म्हणजे बत्तीस दात, तेहतिसावा बसवला तर गिऱ्हाईक चावायलाच यायचं. त्यामुळे कल्पनाशक्तीची सगळी खुमखुमी तो घरी येऊन भागवायचा.

नव्याचे नऊ दिवस ही म्हण त्याच्या बाबतीत फारच उदार होती. त्याच्याकडे आलेली वस्तू तिसऱ्या दिवशी उघडी पडलेली असायची, स्क्रू बशीत आणि झाकण सोफ्याखाली. झाडू मारणारं यंत्र होतं, ते कचरा सोडून बायकोच्या चपला गिळायला बघायचं. खोलीत हालचाल नसेल तर आपोआप विझणारे दिवे होते. बायको गणिताची शिक्षिका. ती पेपर तपासायला बसली की पुतळ्यासारखी बसायची, आणि दर सहा मिनिटांनी घरात अंधार व्हायचा. मग ती लाल पेन धरलेला हात हवेत फिरवायची, दिवे लागायचे आणि कोणाचा तरी अर्धा मार्क जायचा. "साधं बटण बसव रे," म्हणून तिने दाताच्या कण्या केल्या. अपडेटराव म्हणायचा, पुढच्या व्हर्जनमध्ये बघू.

आता त्याच्या आईबद्दल. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होती. कानाला हेडफोन लावून तिने अख्ख्या गावाची भांडणं, सोयरिकी आणि खोकले ऐकले होते. अपडेटरावचे वडील गेल्यावर मुलाने आणि सुनेने तिला आपल्याकडे राहायला बोलावलं. ती म्हणाली, "मला अंधारात हात हलवत बसायचं नाही." ती दहा मिनिटांवर, दोन गल्ल्या सोडून आपल्या जुन्या घरातच राहिली. पण एक करार झाला. रोज सकाळी सातला आईने मुलाला मिस्ड कॉल द्यायचा. म्हणजे, उठले आहे, ठीक आहे. मुलाने उलट मिस्ड कॉल द्यायचा. म्हणजे, कळलं. सव्वासातपर्यंत रिंग आली नाही तर दुसऱ्याने किल्ली घेऊन निघायचं. एकमेकांच्या घराच्या किल्ल्या दोघांकडेही होत्या. बोलायचं काही नाही, नुसती रिंग. एवढ्या एका रिंगेवर म्हातारीचं एकटं राहणं टिकून होतं.

वर्षभर हे नीट चाललं. पण अपडेटरावला सकाळी सातला उठणं जिवावर यायचं, आणि जे काम माणसाला जिवावर येतं ते मशीनला द्यावं असा त्याचा धर्मच होता. त्याने फोनमध्ये एक ॲप टाकलं आणि त्याला नियम लावून दिला. आईची रिंग आली की पाच मिनिटं थांबायचं, मग आपणहून तिला रिंग द्यायची आणि कापायची. रिंग आली नाही, तर अलार्म वाजवायचा. मग फोन हॉलमध्ये चार्जिंगला आणि अपडेटराव साडेसातपर्यंत गाढ. खरं सांगायचं तर व्यवस्था चोख होती. पाच महिने ती चुकली नाही.

मग फोनला नवीन अपडेट आलं. साहजिकच त्याने ते शेजारीपाजारी कोणाला समजायच्या आत घेतलं. त्या अपडेटने ॲपला कोणाचे कॉल येतात ते बघायला बंदी केली. आता आईची रिंग येऊन गेली तरी ॲपला दिसेना, आणि दोन दिवस ओळीने अलार्मने घर डोक्यावर घेतलं. दोन्ही दिवस आईची रिंग फोनमध्ये व्यवस्थित नोंदलेली होती. दुसऱ्या दिवशी वैतागून त्याने अलार्म बंद केला आणि नियम बदलला. रिंग येवो न येवो, रोज सात वाजून पाच मिनिटांनी आईला रिंग द्यायची. तात्पुरतं. रविवारी बसून नीट करू.

जगात तात्पुरत्या गोष्टींइतकं टिकाऊ दुसरं काही नसतं. रविवारी दाराचं नवं कुलूप आलं. फोनने उघडणारं, बोटाच्या ठशाने उघडणारं. बायकोचा ठसा कुलपाने पहिल्या फटक्यात ओळखला. कुलूप ज्याने आणलं त्याचा मात्र काही केल्या ओळखेना, कारण वर्षानुवर्षं प्लास्टरमध्ये बोटं घालून ती गुळगुळीत झालेली. त्या दुःखात तो रविवार गेला. पुढचा रविवार कुलपाची आतली मूठ रंगाला विजोड दिसते म्हणून ती काढण्यात गेला. नवी मूठ तो लॅबमध्ये कवळीच्याच मसाल्यातून बनवत होता. हिरड्यांसारखी गुलाबी.

दर शनिवारी तो आईकडे जायचा. त्या शनिवारी गेला तेव्हा आईच्या कोपराला पट्टी होती.

"काय झालं गं?"

"लागलं जरासं."

"तू ते मनगटी घड्याळ घे ना. माणूस पडला की त्याला आपोआप कळतं."

"बरं," आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, कपबशा विसळता विसळता, पाठमोरीच तिने विचारलं, "माझी रिंग मिळते ना रे रोज?"

"मिळते की! रोज सातला." तो तिच्या फोनची अक्षरं मोठी करून देत होता. मान वर करायची गरज त्याला वाटली नाही.

आईने नळ बंद केला आणि कप पुसायला घेतले.

पुढच्या गुरुवारी तो सहालाच उठला, कारण कुलपाचंही अपडेट आलं होतं. त्याने दोन्ही एकदम लावली, कुलपाचं आणि फोनचं. एका दगडात दोन पक्षी. पक्षी दोन्ही मेले. फोन चौऱ्याण्णव टक्क्यांवर गप्प बसला. फोन जागा होईपर्यंत कुलूप कोणाचंच बोट ओळखायला तयार नव्हतं, बायकोचंही नाही. साडेसात वाजत आले. बायको खांद्याला पिशवी लावून दाराशी उभी. पहिल्या तासाला सहामाही परीक्षा आणि प्रश्नपत्रिका तिच्या पिशवीत.

"किती झाले?"

"चौऱ्याण्णव."

"मघाशी किती होते?"

"चौऱ्याण्णव."

"हे गणित माझ्या वर्गातल्या पोरांनाही सुटेल," बायको म्हणाली.

तेवढ्यात बाहेरून दार वाजलं. बेल नाही, दारच. बेलही फोनवरच चालायची.

"अरे, आहात का घरात?" आईचा आवाज. "किल्ली आणलीय, पण दाराला भोकच नाही."

"आई? तू कशी काय?"

"तुझी रिंग आली नाही. सव्वासात झाले. म्हटलं, ठरलंय तसं निघावं."

"अगं, फोन अपडेटला लावलाय. तुझी रिंग आली असणार, पण फोनच बंद—"

"मी दिलीच नाही."

"आज नाही दिलीस?"

"आज नाही, काल नाही, परवा नाही. एकोणीस दिवस झाले."

दातांच्या धंद्यातल्या या माणसाची दातखीळ बसली. बायकोने पिशवी हळूच खाली ठेवली.

बाहेर आई जिन्याच्या पायरीवर टेकली असावी, कारण तिचा आवाज आता खालून येत होता. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"एकतीस वर्षं रिंगा ऐकल्या मी. माणसाने कापलेली रिंग कधी सारखी नसते. तुझी कधी एक वाजायची, कधी पावणेदोन. एकदा तू कापायलाच विसरलास आणि आठ वाजल्या. मग ती रोज बरोबर अडीच व्हायला लागली. मला तेव्हाच समजलं, मशीनला दिलंय. म्हटलं, असू दे, मी दिल्यावर येते ना उलट, मग झालं. पण पुढे ती ठोक्याला सात-पाचलाच यायला लागली. मी सातला देवो, सहा-पन्नासला देवो. तेव्हा एक दिवस मी दिलीच नाही. आली तुझी. अडीच."

"आई, ते तात्पुरतं होतं," तो म्हणाला. आपल्याच तोंडून निघालेलं हे वाक्य ऐकून त्याला स्वतःला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या.

"नवव्या दिवशी बाथरूममध्ये घसरले. मोडलं काही नाही. पण उठता येईना, पाऊण तास फरशीवर बसून होते. बाहेर टेबलावर फोन वाजला. एक, दोन, अर्धी. म्हणजे, कळलं." आई हसली. "मला इतकं हसू आलं रे, त्या हसण्याच्या धक्क्यानेच उठले बहुतेक."

आत कोणी हसलं नाही. अपडेटरावने कपाळ दाराला टेकवलं. कोपराची पट्टी त्याला आठवली, आणि पाठमोऱ्या आईने विचारलेला तो प्रश्नही. तिने त्याला खरं बोलायची संधी दिली होती आणि तो तिच्या फोनची अक्षरं मोठी करत बसला होता.

"आई," बायकोने विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना ते मशीन आहे? मग आज रिंग आली नाही तर धावत कशाला आलात?"

"अगं, मशीन तर मशीन, पण रोज येत होतं. आज आलं नाही म्हणजे मशीनवाल्याला काहीतरी झालं असणार." आई उठल्याची चाहूल लागली. "बरं, आतली मूठ फिरव आणि दार उघड."

"काढून ठेवलीय."

"का?"

"रंग विजोड होता."

"मुठीचा दांडा आहे का जागेवर?"

"आहे."

"घरात पकड आहे?"

घरात स्क्रू-ड्रायव्हर अकरा होते, तीन तर विजेवर चालणारे. साधी पकड शेवटी बायकोला भांड्यांच्या कपाटात सापडली. त्याने दांडा पकडीत धरला, पिळला आणि दार उघडलं. फोन अजून चौऱ्याण्णववर होता.

आई दारात उभी होती, हातात त्यांच्या जुन्या कुलपाची निकामी किल्ली. तिने मुलाला वरपासून खालपर्यंत बघितलं, धडधाकट आहे याची खात्री केली आणि म्हणाली, "चल, मी निघते. हिला उशीर होतोय." सासू-सून दोघी बरोबरच जिना उतरल्या. त्याच्याकडे कोणी वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी फोन शुद्धीवर आला. अपडेटरावने पहिलं काम केलं ते म्हणजे नियम पुसला, मग अख्खं ॲप. नवं व्हर्जन आलंय, घ्यायचं का, असं ॲपने जाता जाता विचारलं. त्याने त्याला अशी शिवी दिली की बायकोने शेजारच्या खोलीतून दाद दिली.

दुसऱ्या दिवशी तो साडेसहालाच फोन समोर घेऊन टेबलाशी बसला. सात वाजले. रिंग नाही. सात-पाच. पडदे ओढलेल्या खोलीत कोणी हलत नव्हतं म्हणून दिवा विझला, आणि तो तसाच अंधारात बसून राहिला. सात-दहा झाले. करार सव्वासातचा होता, पण त्याला दम निघेना. त्याने स्वतः फोन लावला. फोन बंद असल्याचं एका बाईने अतिशय गोड आवाजात सांगितलं.

"जा," बायको मागून म्हणाली. ती केव्हाची उठून उभी होती, त्याला माहीतच नव्हतं.

तो पळत सुटला. शाळा सुटल्यापासून तो पळाला नव्हता. पहिल्या गल्लीत त्याला धाप लागली, दुसऱ्या गल्लीत कुत्रं मागे लागलं, आणि डोळ्यांसमोर सारखी ती बाथरूमची फरशी येत होती. दहा मिनिटांचा रस्ता त्याने सहा मिनिटांत कापला. आईच्या दाराशी घाईत त्याने किल्ली उलटीच धरली, ती भोकात जाईना. शेवटी एकदाची गेली आणि दार उघडलं.

आई दारासमोरच खुर्ची टाकून बसली होती. डोक्यावर भिंतीचं घड्याळ, मांडीवर बंद फोन.

"सात-अठरा," ती म्हणाली. "ठीक आहे."

तो नुसता चौकटीला धरून धापा टाकत होता. आईने त्याच्या पायांकडे बघितलं, आणि तिचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. त्यानेही खाली पाहिलं. एका पायात त्याची चप्पल होती आणि दुसऱ्यात बायकोची, झाडूच्या यंत्राने टाचेला कुरतडलेली.

"मशीन असतं तर जोडी बरोबर जुळवून आलं असतं," आई म्हणाली.

तिने फोन चालू केला, चष्मा वर सरकवला आणि नंबर लावला. त्याच्या खिशात फोन वाजला. एक. दुसरी पाऊण वाजली आणि थांबली.

"आजची," ती म्हणाली.

त्याने खिशातून फोन काढला आणि तिच्यापासून दोन हातांवर उभं राहून आपल्या गुळगुळीत बोटाने तिला रिंग दिली. एक वाजली, दोन वाजल्या, चार वाजल्या. त्याला कापायचं भानच राहिलं नाही. तो तिच्याकडे बघत उभा होता आणि तिच्या मांडीवर फोन वाजतच होता.

"कापतोयस," आईने विचारलं, "की उचलू?"